साचे, मोटार आणि डाख : जुन्या इंजिन-किटांच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४

या प्रकल्पात काय करायचे आहे ते पहिल्याच नोंदीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे काम भरकटणार नाही. ब्रिटनमध्ये १९५० नंतरच्या काही दशकांत, हौशी लोकांनी घरी जोडावीत म्हणून रेल्वे इंजिनांची जी किटे विकली गेली, त्यांच्या मुख्यतः तीन तऱ्हा होत्या: साच्यात दाबून काढलेल्या प्लास्टिकची, ओतीव व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूची आणि आम्लाने कोरलेल्या पत्र्याची. प्रत्येक तऱ्हेचे एक जुने किट जोडून पूर्ण करायचे आणि येथे कॉव्हेन्ट्रीत आमच्या क्लबच्या शरद ऋतूतील प्रदर्शनात ते त्याच्या इतिहासासह मांडायचे, असा बेत आहे.

टेबलावर सध्या पुढील माल आहे. किटमास्टरचे ‘हॅरो’ हे स्कूल्स वर्गातील इंजिन, कोणीतरी साठ वर्षांपूर्वी अर्धवट जोडून सोडून दिलेले. विल्स फाइनकास्ट या नावाने विकले गेलेले ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पॅनियर टँक, म्हणजे बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेल्या, इंजिनाचे व्हाइट मेटलचे किट. लीक अँड मॅनिफोल्ड या नॅरो गेज रेल्वेच्या इंजिनाचे पत्र्याचे किट. आणि तुलनेसाठी ‘पग’ या छोट्या इंजिनाचे डापॉल कंपनीने अलीकडे काढलेले प्लास्टिकचे किट, ज्याचा मूळ साचा किटमास्टरचाच आहे.

न उघडलेल्या खोक्याला संग्राहकांच्या बाजारात जास्त भाव मिळतो आणि त्यामुळे चांगली किटे कपाटातच राहतात. मला ते पटत नाही. किट बनवणाऱ्याने त्यात घातलेला विचार सुटे भाग हातात घेऊन ते एकमेकांत बसवू लागल्यावरच कळतो. खोके बंद ठेवले, तर त्यावरचे चित्र तेवढे जपले जाते.

१३ जानेवारी २०२४

भागांना हात लावण्यापूर्वी मापाचा प्रश्न नीट मांडायला हवा, कारण इंजिन-किटांचा पुढचा सगळा इतिहास त्यातून निघतो.

ब्रिटिश मॉडेलांच्या ओओ मापात प्रत्यक्षातला एक फूट चार मिलिमीटरचा होतो, म्हणजे प्रमाण १:७६ च्या आसपास येते. रूळ मात्र १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, आणि ते अंतर एचओ मापाचे, म्हणजे एक फुटाला साडेतीन मिलिमीटर या १:८७ प्रमाणाचे आहे. ब्रॉडगेजहून अरुंद असलेले ४ फूट ८.५ इंचांचे प्रमाणित गेज चार मिलिमीटरच्या हिशेबाने १८.८३ मिलिमीटर यायला हवे. तेव्हा ओओचे प्रत्येक इंजिन स्वतःच्या मानाने अरुंद रुळांवर उभे असते. ही विसंगती कोणाच्या निष्काळजीपणातून आलेली नाही. ब्रिटिश रेल्वेचे बोगदे आणि पूल युरोप-अमेरिकेच्या मानाने लहान, त्यामुळे तिथली इंजिने अंगाने सडपातळ. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ज्या आकाराच्या विजेच्या मोटारी मिळत, त्या साडेतीन मिलिमीटर मापाच्या ब्रिटिश बॉयलरमध्ये मावत नव्हत्या. म्हणून रूळ तेच ठेवून वरचा भाग थोडा मोठा केला गेला.

टेबलावर मावणारी छोटी रेल्वे ब्रिटनमध्ये १९२२ मध्ये आली. ती न्युरेंबर्गच्या बिंग कंपनीने बनवली आणि नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या व्यापाऱ्यांनी विकली. १९३८ मध्ये हॉर्नबी डब्लो आली आणि ओओ माप घरोघरी रुळले. पण ही सर्व तयार खेळणी होती. स्वतः इंजिन करणारा माणूस त्या काळी नकाशे आणि ओतीव भाग टपालाने मागवून लेथवर काम करीत असे, आणि हे ज्याच्याकडे लेथ आहे त्यालाच शक्य होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चाकू, कानस आणि डिंकाच्या नळीवर होणारे इंजिन-किट ही त्यामानाने बरीच उशिराची गोष्ट.

२७ जानेवारी २०२४

किटमास्टर हे नाव रेल्वेच्या जगातून आलेले नाही. नॉर्दॅम्प्टनशायरमधील राउंड्स या गावी एरिक स्मिथ यांची रोझबड डॉल्स नावाची कंपनी होती आणि ती बाहुल्या बनवीत असे. वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरण्याची यंत्रे तिच्याकडे होती, त्यांवर काम करणारी माणसे होती. १९५९ मध्ये या कंपनीने किटमास्टर या नावाखाली इंजिनांची किटे काढायला सुरुवात केली. यादीत पहिले होते स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’, म्हणजे १८२९ च्या रेनहिलच्या चाचणीत जिंकलेले इंजिन. त्यामागोमाग डिझेल शंटर, अमेरिकन ‘जनरल’, डचेस वर्गाचे एक्सप्रेस इंजिन, स्कूल्स वर्ग, पग, आठ फूट व्यासाच्या चाकांचे स्टर्लिंग सिंगल, डेल्टिक अशी रांगच लागली. पुढच्या दोन-तीन वर्षांत यादी तीसच्या पुढे गेली आणि तिच्यात स्वित्झर्लंडचे ‘क्रोकोडाइल’, फ्रान्सचे प्रचंड माउंटन, दोन इंजिने पाठीला पाठ लावल्यासारखे दिसणारे बायर-गॅरट, रेल्वेचे डबे आणि एरियल अ‍ॅरो ही मोटारसायकलसुद्धा होती.

या यादीकडे पाहताना मला पहिल्यापासून आदर वाटतो. लहान मुलांच्या खिशाला परवडणाऱ्या वस्तूसाठी इतक्या वेगवेगळ्या देशांची इंजिने, चाकांपासून शिट्टीपर्यंत अभ्यासून, पोलादात कोरणे हे सोपे काम नाही. प्रत्येक इंजिनाचा साचा म्हणजे मोठी गुंतवणूक, आणि ती वसूल व्हायला किटे हजारोंच्या संख्येने खपावी लागतात. शिवाय सगळी इंजिने एका मापाची नव्हती. ब्रिटिश इंजिने ओओमध्ये, परदेशी काही एचओमध्ये, तर क्रोकोडाइलसारखी काही त्याहून लहान अशा टीटी मापात. ज्या मुलाने ‘हॅरो’ जोडले त्याला त्याच रुळांवर क्रोकोडाइल ठेवता येत नव्हते. १९६२ च्या अखेरीस रोझबडने हा व्यवसाय एअरफिक्सला विकला. माझ्या मते त्यामागे मालाच्या दर्जाचा प्रश्न नव्हता. थोड्या काळात खूप साचे कोरले गेले आणि ते तीन मापांत विखुरले गेले, एवढे कारण पुरेसे आहे.

१० फेब्रुवारी २०२४

‘हॅरो’चा जुना रंग काढला.

पॉलिस्टायरीनला थिनर लागला की ते विरघळते, म्हणून इथले जुने मॉडेलकार वापरतात तीच पद्धत वापरली: भाग डेटॉलमध्ये बुडवून रात्रभर झाकून ठेवणे. सकाळी बॉयलरवरचा जाड काळा रंग सुरकुतला होता आणि जुन्या टूथब्रशने तो सालीसारखा निघत गेला. इथे एक पथ्य कडक पाळावे लागते. भाग लगेच पाण्याखाली धरला, तर सुटलेला रंग आणि डेटॉल मिळून काळा चिकट राळेसारखा लगदा होतो आणि तो रिव्हेटांच्या ओळींमध्ये रुतून बसतो. आधी स्वच्छ डेटॉलमध्येच खळखळून घ्यायचे, सगळा रंग गेला की मग भांडी घासायच्या साबणाचे कोमट पाणी.

रंगाखालून जे बाहेर आले ते पाहून फार समाधान वाटले. बॉयलरवरचे पट्टे, स्मोकबॉक्सच्या दाराची बिजागरी, टेंडरवरच्या, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीवरच्या, रिव्हेटांच्या ओळी, सगळे १९५९-६० च्या साच्यातून जसे निघाले तसे टोकदार आहे.

आधीच्या माणसाने टेंडरची डावी बाजू तिरकी चिकटवली होती. पॉलिस्टायरीनचा सांधा डिंकाने धरलेला नसतो, तिथे दोन्ही भाग विरघळून एकजीव झालेले असतात, त्यामुळे तो सहजी उकलत नाही. सुदैवाने इथे नळीतला जाड, प्लास्टिक जोडायचा सिमेंट वापरलेला आहे, आणि तो काळाबरोबर ठिसूळ होतो. भाग फ्रीझरमध्ये ठेवले, बाहेर काढल्याबरोबर सांध्यावर पातळ पात्याने हलका दाब दिला आणि बाजू सरळ सुटून आली.

२४ फेब्रुवारी २०२४

स्कूल्स वर्गाविषयी थोडे लिहितो, कारण या किटमधली एक बारीक गोष्ट त्याशिवाय समजत नाही.

सदर्न रेल्वेसाठी रिचर्ड मॉन्सेल यांच्या हाताखाली १९३० ते १९३५ या काळात ही ४० इंजिने बांधली गेली. चाकांची मांडणी ४-४-० (पुढे चार लहान, मग चार चालक चाके, मागे एकही नाही), सिलिंडर तीन, आणि ताकदीत युरोपातील कोणत्याही ४-४-० इंजिनाच्या पुढे. त्यांना इंग्लंडमधील नामांकित शाळांची नावे दिली गेली. ती ज्या मार्गांसाठी आखली होती त्यांतला एक टनब्रिज ते हेस्टिंग्ज. एकोणिसाव्या शतकात हा मार्ग बांधताना कंत्राटदारांनी बोगद्यांच्या अस्तरात विटांचे थर कमी घातले होते. ही लबाडी नंतर उघडकीस आली, तेव्हा बोगदे पुन्हा खणण्याऐवजी आतून विटांचे आणखी थर चढवण्यात आले, आणि बोगदे कायमचे अरुंद झाले. त्यामुळे त्या मार्गावरची गाडी अंगाने बारीक असावी लागे, आणि म्हणूनच स्कूल्स वर्गाच्या कॅबच्या, म्हणजे चालकाच्या खोलीच्या, बाजू वर जाताना आत झुकतात.

किटच्या कॅबची बाजू उजेडात आडवी धरून पाहिली, तर हा झुकाव स्पष्ट दिसतो. साचा करणाऱ्याला सरळ बाजू कोरणे सोपे गेले असते, आणि विकत घेणाऱ्या बहुतेक मुलांना फरक कळलाही नसता. तरीही त्याने तो कोरला आहे, आणि छप्पर त्या झुकलेल्या कडांवर फट न ठेवता बसते.

सांधेजोड अशी: चाकांना जोडणारे दांडे प्लास्टिकच्याच पिनांवर बसतात. पिन दांड्याच्या भोकातून बाहेर आली की पेचकसाचे पाते गरम करून तिचे टोक हलके दाबायचे, म्हणजे ते पसरून चपटे डोके तयार होते आणि दांडा निसटत नाही, पण फिरतो. पाते फार तापले तर पीन दांड्यालाच चिकटते आणि सगळे जाम होते. मी मेणबत्तीच्या ज्योतीवर पाते तापवून आधी टाकाऊ प्लास्टिकच्या काडीवर दाबून बघतो. काडी धूर न काढता नुसती मऊ पडली, की तेवढी उष्णता बरोबर.

खरी ‘हॅरो’ आज अस्तित्वात नाही. १९६२ संपेपर्यंत हा सगळा वर्ग सेवेतून बाद झाला आणि त्यांतली तीनच इंजिने जतन झाली: ‘चेल्टनहॅम’, ‘रेप्टन’ आणि ‘स्टो’. ज्या वर्षी शेवटची स्कूल्स इंजिने बाद झाली, त्याच वर्षी किटमास्टरही विकले गेले.

९ मार्च २०२४

मोटारीचा प्रश्न.

किटमास्टरच्या इंजिनांची चाके फिरत, दांडे हलत, पण आत मोटार नव्हती आणि प्लास्टिकच्या चाकांतून वीज घेण्याची सोयही नव्हती. रुळांवर चालवू पाहणाऱ्यांसाठी कंपनीने वेगळाच मार्ग काढला. डब्याखाली बसवायची मोटार असलेली बोगी, म्हणजे चाकांचा छोटा गाडा, केएम-१ या क्रमांकाने आणि मोटार असलेली बंद मालवाघीण केएम-२ या क्रमांकाने तिने विकायला काढली. म्हणजे इंजिन पुढे दिमाखात चालायचे आणि त्याला मागून ढकलायची ती वाघीण! आजच्या मॉडेलकारांना हे विचित्र वाटते. मला मात्र ही युक्ती प्रामाणिक वाटते, कारण तिने इंजिनाचे रूप मोटारीसाठी बिघडवले नाही. बॉयलरखाली जिथून उजेड दिसायला हवा तिथून तो दिसतो, कॅब रिकामी राहते, आणि तीत माणूस उभा करता येतो. त्या काळच्या तयार चालत्या इंजिनांत बॉयलरखालची जागा धातूच्या ठोकळ्याने भरलेली असे.

केएम-२ आज सहजी मिळत नाही, तेव्हा त्याच धर्तीवर एक वाघीण मी स्वतः करायची ठरवली आहे. मोटार आजची, लहान. बाहेरून मात्र साधी ब्रिटिश मालवाघीण.

१७ मार्च २०२४

डापॉलच्या पगचे भाग आणि ‘हॅरो’चे भाग शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिले.

साच्यांचा पुढचा प्रवास असा झाला. एअरफिक्स १९३९ पासूनची कंपनी, हंगेरीतून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी सुरू केलेली. किटमास्टरचे साचे हाती आल्यावर तिने निवडक इंजिने स्वतःच्या नावाने पुन्हा बाजारात आणली: रॉकेट, पग, ‘हॅरो’, ‘बिगिन हिल’, ‘सिटी ऑफ ट्रुरो’, ‘एव्हनिंग स्टार’ यांसारखी. स्टर्लिंग सिंगल, डचेस, गॅरट, क्रोकोडाइल यांना ते भाग्य लाभले नाही, आणि म्हणून आज मूळ किटमास्टर खोक्यांत सर्वांत जास्त शोध याच मंडळींचा घेतला जातो. १९८१ मध्ये एअरफिक्स स्वतःच कोसळली. ती अमेरिकेच्या जनरल मिल्सच्या हाती गेली आणि तिच्या ब्रिटिश पॅलिटॉय विभागाकडून १९८०च्या दशकात रेल्वेचे साचे डापॉलकडे आले. डापॉल आता वेल्समधील चर्क येथे आहे, आणि पग अजूनही विकते.

बाहुल्यांच्या कारखान्यात जन्मलेला साचा कंपन्या बुडाल्या तरी काम करत राहिला, याची खूण भिंगाखाली दिसते. साच्याचे दोन अर्ध जिथे मिळतात त्या रेषेवर पगच्या नव्या भागांना पातळ पापुद्रा आलेला आहे, कारण हजारो वेळा उघडमीट झाल्यावर पोलादाच्या कडा गोलावतात आणि प्लास्टिक त्या फटीत शिरते. ‘हॅरो’च्या भागांवर हा पापुद्रा जवळजवळ नाही. पगच्या टाकीच्या आतल्या बाजूला साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांच्या गोल खुणा ‘हॅरो’पेक्षा खोल आहेत. रिव्हेट मात्र अजून नीट मोजता येतात. पापुद्रा चाकूच्या पाठीने खरवडून निघतो. नवशिक्या मुलाला एवढे काम करायला लावले, तर ते त्याच्या हिताचेच आहे.

१४ एप्रिल २०२४

अमेरिकेची नोंद थोडक्यात. तिथे इंजिने मोठी, त्यामुळे एचओ मापातही बॉयलरमध्ये मोटार बसे आणि किटमध्ये ती पहिल्यापासून मिळे. जॉन टायलर यांनी १९२६ मध्ये न्यू जर्सीत सुरू केलेली मँटुआ, तसेच व्हार्नी, बाउझर, मॉडेल डाय कास्टिंग या कंपन्यांची किटे जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली आणि पेचकसाने जोडता येणारी होती. ब्रिटनची कथा वेगळी होण्याचे कारण पुन्हा तेच: मोटारीला जागा नाही.

५ मे २०२४

व्हाइट मेटलकडे वळलो.

१९५०च्या दशकापासून ब्रिटनमध्ये दुसरी एक वाट तयार होत होती. केझर कुटुंबाची ‘के’ज’ आणि बॉब विल्स यांची विल्स फाइनकास्ट ही त्यातली ठळक नावे. यांच्याकडे पोलादी साचे नव्हते. कथील, शिसे आणि अँटिमनी यांच्या मऊ मिश्रधातूचा रस फिरत्या रबरी साच्यात ओतायचा, वेगामुळे तो कडांपर्यंत पोचतो आणि थंड झाला की भाग बाहेर येतो. रबराचा साचा स्वस्त, लवकर तयार होणारा आणि लवकर झिजणारा. त्यामुळे शे-दोनशे लोकांनाच हवे असलेले इंजिनही किटमध्ये आणणे परवडू लागले. ब्रिटनमधल्या लहानमोठ्या रेल्वे कंपन्यांची अनोळखी इंजिने हौशी लोकांच्या रुळांवर आली ती मुख्यतः या रबरामुळे.

मोटारीचा प्रश्न विल्सने फार व्यवहारी पद्धतीने सोडवला. किटमध्ये फक्त वरचा भाग द्यायचा, आणि तो ट्राय-अँग या खेळणी कंपनीच्या तयार ०-६-० चासीवर, म्हणजे चाके आणि मोटार असलेल्या खालच्या सांगाड्यावर, बसेल असा आखायचा. ती चासी खेळण्यांच्या कोणत्याही दुकानात मिळे, आणि तिच्यात एक्स-०४ ही दणकट मोटार असे. किंमत एकच मोजावी लागे, ती मापाची. ट्राय-अँगची चासी लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या ‘जिंटी’ या छोट्या टँक इंजिनासाठी होती, आणि खऱ्या जिंटीच्या पहिल्या व शेवटच्या चाकांमधले अंतर १६ फूट ६ इंच. ग्रेट वेस्टर्नच्या पॅनियर टँकचे तेच अंतर १५ फूट ६ इंच. फुटाचा फरक, म्हणजे मॉडेलवर चार मिलिमीटर. ज्याला ते खुपे तो पुढे स्वतः चासी करायला शिके, आणि अनेक जण तसे शिकलेही.

८ जून २०२४

माझ्या पॅनियर टँकचा वरचा भाग आधीच्या मालकाने अराल्डाइटने जोडला होता, आणि कॅब पुढे कललेली. उकळत्या पाण्यात ठेवल्यावर अराल्डाइट मऊ पडले आणि भाग हाताने सुटले. राहिलेले तुकडे कानशीने साफ केले.

आता डाखाने, म्हणजे सोल्डरने, जोडतो आहे. व्हाइट मेटल साध्या सोल्डरच्या उष्णतेलाच वितळू लागते, म्हणून त्यासाठी ७० अंश सेल्सिअसला वितळणारा डाख वापरतात आणि इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, तापमान बांधता येईल असे घेतात. सांध्याला फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणूनचे द्रव्य, लावायचा, डाखाचा लहान तुकडा आतल्या कोपऱ्यात ठेवायचा आणि टोकाने त्याला स्पर्श करायचा. फ्लक्स फसफसतो, तुकडा क्षणभर तसाच राहतो आणि मग चमकून सांध्याच्या रेषेने आत पळतो. पितळेचा भाग व्हाइट मेटलला जोडायचा असेल, तर हा थंड डाख पितळेला धरत नाही. आधी पितळेवर साध्या डाखाचा पातळ थर चढवावा लागतो.

काम करताना खिडकी उघडी ठेवतो आणि कानस चालवून झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावत नाही. या धातूत शिसे आहे, हे प्रदर्शनात सांगणे आवश्यक आहे.

जस्ताच्या मिश्रधातूविषयीही इथेच लिहून ठेवतो. जुन्या इंजिनांच्या चासी आणि चाके ज्या मॅझॅक धातूची असत, त्यात थोडेसेही शिसे मिसळले गेले असेल, तर कणांच्या सीमांवरून तो आतून कुरतडला जातो, फुगतो, तडकतो आणि शेवटी बोटांत भुगा होतो. खोके बंद असले म्हणून ही क्रिया थांबत नाही. न उघडलेल्या खोक्याच्या भावावर विश्वास ठेवणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

१३ जुलै २०२४

तिसरे किट आज उघडले. याची मी सर्वांत जास्त वाट पाहत होतो.

कोरीव पत्र्याच्या किटांची लाट १९७०च्या दशकात आली. त्याआधी जेमिसनसारखे लोक पत्रा कापून आकार देऊन विकत असत. कोरीव पद्धतीत आधी मोठ्या मापाचा नकाशा रेखाटतात, छायाचित्रणाने तो लहान करून प्रकाशाला संवेदनशील लेप दिलेल्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंवर उमटवतात आणि पत्रा आम्लासारख्या द्रावणात सोडतात. जिथे लेप राहिला तिथे धातू राहतो. दोन्ही बाजूंनी खाल्ले तर आरपार भोक, एकाच बाजूने खाल्ले तर अर्ध्या जाडीची खोबण. ही अर्धी खोबण म्हणजे या पद्धतीचा प्राण आहे: तिच्यावर पत्रा सरळ रेषेत घडी होतो, आणि पाठीमागच्या अर्ध्या खोल ठिपक्यात सुईने टोचले की पुढे रिव्हेट उठतो. खोबण नेहमी घडीच्या आत ठेवायची. घडी पूर्ण झाली की आतून डाख फिरवून ती पक्की करायची.

पत्रा पितळेचा नाही, जर्मन सिल्व्हरचा आहे. तांबे, निकेल आणि जस्त यांचा हा धातू पितळेपेक्षा उष्णता कमी पसरवतो, त्यामुळे शेजारचा आधीचा सांधा सुटण्याआधी नवा सांधा होतो.

किट बॅकवुड्स मिनिएचर्स या नावाने विकले गेलेले, आणि इंजिन लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचे. स्टॅफर्डशायरमधील ही अडीच फुटी नॅरो गेज रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तिच्याकडे दोनच इंजिने होती, दोन्ही लीड्सच्या किटसन कंपनीची, २-६-४ मांडणीची टँक इंजिने, मोठ्या हेडलाइटची, इंग्लंडच्या हिरव्या दरीत परक्यासारखी दिसणारी. एकाचे नाव ‘ई. आर. कॅल्थ्रॉप’, दुसऱ्याचे ‘जे. बी. अर्ल’. मराठी वाचकांसाठी सांगण्यासारखी गोष्ट अशी, की हे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचे अभियंते. बार्शीची अडीच फुटी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिची इंजिनेही किटसननेच बांधली होती, आणि भारतात पाठवण्यापूर्वी त्यांची चाचणी लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून घेतली गेली. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ आणि स्वस्त मार्ग पुरतात, हे त्यांचे सूत्र. आधी बार्शीत हे सिद्ध झाले आणि मग मॅनिफोल्डच्या दरीत आले.

अडीच फूट म्हणजे चार मिलिमीटरच्या मापाने १० मिलिमीटर. किट चालते ९ मिलिमीटरच्या रुळांवर, कारण ते एन गेजचे रूळ दुकानात तयार मिळतात. इथेही तयार मालापुढे माप थोडे वाकलेच आहे.

२१ जुलै २०२४

कुर्डुवाडीला मामांना फोन केला. मामांनी तिथल्या नॅरो गेज वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून नोकरी केली, आणि मी काय करतो आहे हे समजावून सांगायला त्यांना वेळ लागत नाही.

मी त्यांना विचारले, “मामा, चाकं आसावर बसवताना दोन्ही बाजूंचे क्रँक नव्वद अंशांनी पुढेमागे ठेवतात, ते वर्कशॉपमध्ये तुम्ही कसं पाहायचा?”

ते म्हणाले, “अरे, ते प्रेसवरच ठरायचं, त्याला मापाची सोय असते. पण का ठेवतात ते आधी ध्यानात घे. दोन्ही बाजूंचे क्रँक एकाच वेळी डेड सेंटरला आले, तर इंजिन हलायचं कसं? एक बाजू अडली की दुसरीनं ओढायचं. तुझी चाकं मोटारीनं फिरतात, पण दांडे तर तेच आहेत ना?”

अगदी तेच आहेत. मॉडेलमध्ये वाफ नसली, तरी मोटार एकाच आसाला फिरवते आणि बाकीची चाके दांड्यांनी फिरतात, तेव्हा डेड सेंटरवर, म्हणजे क्रँक आणि दांडा एका सरळ रेषेत आल्यावर, अडकण्याचा धोका तसाच राहतो.

१७ ऑगस्ट २०२४

मॅनिफोल्ड इंजिनाची चासी चालली. ओओच्या व्हाइट मेटल किटांमध्ये रॉमफर्डची चाके वापरली, तर हे काम सोपे असते, कारण त्या आसांची टोके चौकोनी घासलेली असतात, चाक नटने आवळले की नव्वद अंश आपोआप साधतात. इथे चाके नुसती दाबून बसतात. एक आस प्रमाण धरून बाकीचे डोळ्यांनी आऱ्यांमधून आरपार पाहत जुळवले. नव्वदच्या जागी एकोणनव्वद झाले तरी चालते, तिन्ही आस एकसारखे मात्र असलेच पाहिजेत. दांड्यांची भोके थोडीशी मोठी केली आणि मोटार न जोडता चासी काचेच्या उतारावर ठेवली. ती स्वतःच्या वजनाने, कुठेही न अडखळता, खाली उतरली. त्यानंतरच मोटार बसवली.

१४ सप्टेंबर २०२४

‘हॅरो’ला ब्रिटिश रेल्वेचा गडद हिरवा रंग दिला. मागच्या वाघिणीत मोटार बसली आहे आणि क्लबच्या रुळांवर तिने इंजिन आणि चार डबे सफाईने ढकलले. वळणावर ‘हॅरो’ची पुढची बोगी हलकी असल्यामुळे रुळावरून उतरत होती. तिच्या पोटात शिशाची पट्टी चिकटवल्यावर हा त्रास थांबला.

पॅनियर टँक ट्राय-अँगच्या चासीवरच ठेवली. नवी चासी करून चार मिलिमीटर दुरुस्त करता आले असते, पण विल्सचे किट ज्या तडजोडीवर उभे होते ती तडजोड लोकांना दिसावी असे मला वाटते. शेजारी खऱ्या इंजिनाचा मापासह नकाशा लावणार आहे.

५ ऑक्टोबर २०२४

तक्त्यांचा मजकूर लिहून झाला. प्लास्टिकच्या तक्त्यावर राउंड्स ते चर्क असा साच्यांचा प्रवास, व्हाइट मेटलच्या तक्त्यावर रबरी साच्याचा कापलेला नमुना आणि शिशाविषयीची सूचना, पत्र्याच्या तक्त्यावर न घडी घातलेला एक कोरीव तुकडा, ज्याला लोकांनी हात लावून अर्धी खोबण बोटाने तपासावी. मॅनिफोल्डच्या इंजिनाशेजारी बार्शी लाइट रेल्वेवर चार ओळी आहेत, आणि त्या मराठीतही लिहिल्या आहेत.

डापॉलच्या पगचे खोके प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर ठेवणार आहे. बारा वर्षांपुढील जी मुले थांबतील, त्यांनी आळीपाळीने ते जोडावे. त्यासाठी दोन बोथट चाकू, काचकागद, पातळ सिमेंटची बाटली आणि पापुद्रा दिसण्यासाठी एक भिंग बाजूला काढून ठेवले आहे. दांड्यांच्या पिनांचे काम, गरम पेचकसामुळे, माझ्या देखरेखीखाली होईल.